पाण्याखालची हजेरी

पोवळं आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. ते नवरत्नांत आहे, मंगळासाठी बोटात घालायच्या अंगठीत आहे, जुन्या बायकांच्या गळ्यातल्या माळेत आहे. उर्दूत त्याला मर्जान म्हणतात. सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीनं मर्जानचा उल्लेख येतो. अलीबाबाच्या गोष्टीतली ती हुशार मर्जिना, तिचं नावही याच शब्दावरून आलेलं. पण दागिन्यातलं हे लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. आज बोलायचं आहे ते त्याच्या चुलत भावंडांविषयी. उष्ण समुद्रांच्या उथळ पाण्यात बेटांभोवती भिंतीच्या भिंती बांधणाऱ्या प्रवाळांविषयी. आणि त्यांच्याहीपेक्षा, त्यांची तब्येत पाहायला पाण्याखाली जाणाऱ्या माणसांविषयी.

प्रवाळ दिसायला दगड, पण असतो प्राणी. एकेक जीव काही मिलिमीटरचा. तो स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतो. तो मेला तरी घर राहतं आणि त्यावर पुढची पिढी आपलं घर बांधते. हजारो वर्षांच्या अशा गवंडीकामातून प्रवाळभित्ती उभी राहते. या जीवाच्या पेशींत अतिसूक्ष्म शेवाळ वस्तीला असतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला त्यातलं बरंचसं देतं. प्रवाळाचे रंगही बहुतांशी या भाडेकरूचेच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. शास्त्रज्ञ याला विरंजन म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो. नाही निवलं तर मरतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या सांगाड्यावर तपकिरी-हिरवं शेवाळ चढतं. सहा महिन्यांनी तिथे गेलेल्या माणसाला तो जुनाच खडक वाटेल. इथे काही घडलं होतं याचा पत्ताही त्याला लागणार नाही. म्हणजे हा रोग एकदा जाऊन पाहण्यानं कळणारा नाही. आधी जावं लागतं, आजारपणात जावं लागतं आणि नंतरही जावं लागतं. तेही त्याच जागी.

हे समजायला माणसाला वेळ लागला. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला, तेव्हा समुद्राचा तळ पाहण्याचं साधन काय होतं? दोरीला बांधलेलं शिशाचं वजन आणि त्याच्या बुडाला लावलेली चरबी. कप्तान फिट्झरॉय यांनी ते वजन भित्तीच्या बाहेरच्या उतारावर ठिकठिकाणी सोडलं. चरबीवर जिवंत प्रवाळाचा ठसा उमटला तर प्रवाळ, वाळू चिकटून आली तर वाळू. या ठशांवरून, नकाशांवरून आणि आपल्या तर्काच्या बळावर डार्विननं १८४२ मध्ये प्रवाळभित्तींवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला. तो तर्क थोर होता, पण समुद्राला वरूनच चाचपून केलेला.

खाली जाऊन मोजण्याची गोष्ट सुरू होते आल्फ्रेड गोल्ड्सबरो मेयर या अमेरिकन शास्त्रज्ञापासून. हा मुळात जेलीफिशचा अभ्यासक. १९०४ मध्ये कार्नेगी संस्थेनं फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज या निर्जन बेटांवर सागरी प्रयोगशाळा काढली आणि तिची सूत्रं मेयर यांच्याकडे दिली. वडिलांकडून आलेल्या आडनावाचं स्पेलिंग त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये बदललं, कारण ते जर्मन धाटणीचं होतं. माणसांच्या भांडणांचा हा एवढा ओरखडा सोडला तर त्यांचं सगळं लक्ष समुद्राकडे होतं.

टॉर्टुगाजला मेयर आणि त्यांचे सहकारी पाण्याखाली जाण्यासाठी धातूचा टोप वापरत. खालून उघडा असलेला हा जड टोप खांद्यांवर टेकायचा. होडीतला माणूस हातपंपानं नळीतून हवा पाठवायचा. आतल्या माणसानं ताठ राहायचं. फार वाकला तर टोपात पाणी शिरणार. अशा अवस्थेत तळावर चालायचं आणि डोळ्यांनी पाहायचं.

१९१३ मध्ये मेयर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मेअर बेटावर गेले. तिथल्या प्रवाळांवर त्यांनी किनाऱ्यापासून बाहेरच्या बाजूला एक सरळ रेघ धरली, त्या रेघेवर ठरावीक अंतरानं चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनातले प्रवाळ जातवार मोजले. शेतातलं तण मोजावं तसं. प्रवाळांना तापवलेल्या पाण्यात ठेवून ते किती उष्णता सोसतात, याचेही प्रयोग त्यांनी केले. निष्कर्ष साधा होता आणि आज वाचताना अंगावर काटा आणणारा आहे. प्रवाळ ज्या पाण्यात सुखानं राहतात आणि ज्या पाण्यात मरतात, त्यांत अंतर आहे ते अवघ्या काही अंशांचं. पृथ्वीच्या तापमानवाढीची चर्चा तेव्हा जगात फारशी नव्हती.

मग १९१७ साल. प्रशांत महासागरात सामोआच्या टुटुइला बेटावर पागो पागो नावाचं खोल, डोंगरांनी वेढलेलं बंदर आहे. अमेरिकी नौदलाचा तळ तिथे होता. या बंदराच्या काठी आउआ नावाचं गाव आहे. त्या गावासमोर मेयर यांनी किनाऱ्यापासून भित्तीच्या बाहेरच्या कडेपर्यंत अशीच एक रेघ धरली, तिच्यावरचे प्रवाळ मोजले आणि रेघेची जागा, चौकोन, जाती, संख्या सगळं लिहून ठेवलं. प्रवाळ किती वेगानं वाढतात हे पाहण्यासाठी पुढच्या वर्षांत ते पुन्हा तिथे गेले. पण क्षयानं त्यांचं शरीर पोखरलं होतं. १९२२ च्या जूनमध्ये टॉर्टुगाजच्या किनाऱ्यावरच त्यांचा अंत झाला. सामोआचं काम १९२४ मध्ये छापून आलं, ते पाहायला ते नव्हते.

तो ग्रंथ वाचनालयांच्या फडताळांत राहिला. इकडे आउआसमोरच्या बंदरात नौदलाची जहाजं येत-जात राहिली. भराव घालण्यासाठी तळ उपसला गेला. १९५० च्या दशकात ट्यूना मासा डबाबंद करणारा कारखाना आला, पाठोपाठ दुसरा आला. त्यांचं घाण पाणी बंदरातच सुटू लागलं, सांडलेलं तेल त्यात मिसळलं. पाणी गढूळ होत गेलं, पण ते इतक्या हळूहळू की रोज पाहणाऱ्याला बदल जाणवू नये. १९७३ मध्ये आर्थर डाल आणि ऑस्टिन लॅम्बर्ट्स हे दोघे मेयर यांचा ग्रंथ घेऊन आउआला पोहोचले. ती रेघ त्यांनी शोधून काढली आणि छप्पन्न वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजणी केली. अनेक जातींचे प्रवाळ संख्येनं घटले होते, आकारानं लहान झाले होते. ‘पूर्वी इथे बरंच काही होतं’ हे म्हातारी माणसं सगळीकडेच सांगतात. इथे ते पहिल्यांदा आकड्यांत सांगता आलं.

गोष्ट इथे संपत नाही, हे तिचं भाग्य. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांचं घाण पाणी नळानं बंदराबाहेर नेण्याची व्यवस्था झाली. त्यानंतरही संशोधक त्या रेघेवर जात राहिले. भित्तीच्या बाहेरच्या कडेवर प्रवाळ परतल्याचं त्यांना दिसलं. आतल्या भागात, जिथे उपशामुळे तळाचा सुटा चुरा झाला होता, तिथे मात्र नव्या प्रवाळांना पाय रोवायला घट्ट जागाच उरली नव्हती. म्हणजे पाण्याची घाण थांबवली तर काही भरून येतं आणि तळच उखडला तर ते भरून येत नाही. धोरण आखणाऱ्याला याहून उपयोगी माहिती कोणती? ती मिळाली, कारण एका क्षयी माणसानं १९१७ मध्ये रेघ धरली होती. पुन्हा पुन्हा मोजल्या गेलेल्या प्रवाळरेघांत ही जगातली सर्वांत जुनी मानली जाते.

मेयर यांच्यानंतर हा वसा अनेकांनी घेतला. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर वर्षभर राहिली. सिडनी मँटन या तरुण संशोधिकेनं तिथल्या प्रवाळांचे काटेकोर आराखडे काढून ठेवले. त्याच मुक्कामात, तापलेल्या पाण्यात प्रवाळ आपलं शेवाळ बाहेर टाकतो, हे यंग आणि निकोल्स यांनी नोंदवलं. जवळपास नव्वद वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच बेटांवरच्या मोजण्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा जीवजातींची विविधता किती ओसरली आहे ते समोर आलं.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचं यंत्र बनवलं आणि टोपाची, हातपंपाची गरज संपली. माणूस माशासारखा आडवा होऊन, हात मोकळे ठेवून काम करू लागला. टॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकात जमैकाच्या प्रवाळांवर या साधनानं अभ्यास सुरू केला. इस्रायलच्या योसी लोया यांनी १९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रातली युक्ती पाण्यात आणली. तळावर मोजपट्टी ताणायची आणि तिच्याखाली कुठून कुठपर्यंत काय आहे ते सेंटिमीटरवार लिहायचं. जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शेवाळ, वाळू. आजही जगभर थोड्याफार फरकानं हेच चालतं. प्लॅस्टिकच्या पाटीवर साध्या शिसपेन्सिलीनं लिहायचं, जोडीनंच उतरायचं, कशालाही हात लावायचा नाही आणि नळकांड्यातली हवा संपत येण्याआधी वर यायचं.

पण तीच जागा पुन्हा सापडायची कशी? अलीबाबाच्या गोष्टीत चोरानं दारावर खडूची खूण केली आणि मर्जिनानं शेजारच्या दारांवर तश्शाच खुणा करून त्याला चकवलं. समुद्राचा तळ या बाबतीत मर्जिनासारखाच. सगळी दारं सारखी दिसतात. जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटावर एकेक चौरस मीटरचे चौकोन कायमचे खुणा करून ठेवले आणि तीस वर्षांहून जास्त काळ तो त्यांचीच छायाचित्रं घेत राहिला. एकेक प्रवाळ जन्मतो कधी, वाढतो कसा, शेजाऱ्याला ढकलतो कसा आणि मरतो कधी, याची ती जणू जन्ममृत्यूची वही झाली.

अशा वहीचं मोल जमैकानं महाग पडून शिकवलं. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली गेला. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये हा हिशेब मांडला. पाहणारा म्हणाला असता, १९८० चं मोठं चक्रीवादळ याला कारण. पण दरवर्षीच्या नोंदी वेगळं सांगत होत्या. शेवाळ खाणारे मासे माणसांनी फार आधीच पकडून संपवले होते. शेवाळ आटोक्यात ठेवण्याचं काम एकट्या सी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्यावर येऊन पडलं होतं. १९८३ मध्ये रोगानं ते प्राणीही मेले आणि शेवाळानं तळ गिळला. वादळ निमित्त झालं होतं, घर आधीच पोकळ झालं होतं.

एका वर्षाच्या आकड्यानं किती फसगत होते, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातच आहे. तिथली सागरी विज्ञान संस्था १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ग्रेट बॅरिअर रीफची पाहणी करते. होडीमागे दोरीला एक फळी असते. ती धरून पाणबुड्या ओढत नेला जातो. दोन मिनिटं पाहायचं, थांबायचं, लिहायचं, पुन्हा दोन मिनिटं. १९८५ ते २०१२ या काळात जिवंत प्रवाळाचं आच्छादन २८ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आल्याचं या नोंदींतून दिसलं. पुढे २०२२ मध्ये उत्तर आणि मध्य भागात विक्रमी वाढ नोंदली गेली आणि संकट टळलं, असं म्हणायला अनेकजण पुढे आले. २०२४ चा उन्हाळा आला, आणि २०२५ च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागात एका वर्षातली आजवरची सर्वांत मोठी घट नोंदली गेली. दोन्ही आकडे खरेच होते. खोटी होती ती एका आकड्यावर निर्धास्त होण्याची घाई.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांच्या वाळूचीच बनलेली आहेत. जमिनीची उंची समुद्रापेक्षा फार नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा लाटांचा मार आधी प्रवाळभित्तीवर बसतो, म्हणून आतली गावं, नारळ आणि विहिरींचं गोडं पाणी टिकतं. ही भिंत जिवंत असेपर्यंत स्वतःची डागडुजी स्वतः करते. मेली की तिची फक्त झीज होते. म्हणून तिथे प्रवाळांची तब्येत म्हणजे राहत्या घराच्या पायाची तब्येत.

१९९८ मध्ये एल निनोच्या उष्णतेनं लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. रोहन आर्थर यांनी तेव्हापासून तिथे मोजणी सुरू केली आणि निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालू ठेवली आहे. सुरुवातीला आशा वाटावी असं चित्र होतं. पश्चिमेकडच्या भित्ती बऱ्याच झपाट्यानं सावरल्या. त्याचं एक कारण बेटांवरच्या माणसांत होतं. इथले मच्छीमार परंपरेनं खुल्या समुद्रात गळानं ट्यूना पकडतात, त्यामुळे भित्तीवरचे शेवाळ खाणारे मासे शाबूत राहिले होते. जमैकाच्या नेमकं उलट. पण उष्णता पुन्हा आली, २०१० मध्ये आणि २०१६ मध्ये. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवरच्या चोवीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले आहेत. प्रत्येक वेळी मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होत गेलं, हे खरं. पण सावरण्याचा वेगही मंदावत गेला. मधे सहा वर्षं तरी शांततेची मिळाली, तरच सावरणं जोर धरतं असं त्यात दिसलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली आणि २०२५ पर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला त्या उष्णतेची झळ पोहोचली होती. लक्षद्वीपही त्यातून सुटलं नाही.

आणि आपलं कोकण? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत. तो भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आज हजारो पर्यटक तिथे तोंडाला नळी लावून पाण्यात डोकावतात. तिथले प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. आणखी बाहेर, विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. त्याचं नाव आंग्रे बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेल्या या पठाराचा माथाही पाण्याखाली वीसएक मीटर खोल आहे, आणि तिथे प्रवाळ आहेत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे जाऊन पाहणी करून आली.

या दोन्ही ठिकाणी आपण आउआच्या १९१७ मध्ये आहोत असं म्हणता येईल. पहिल्या रेघा नुकत्या कुठे पडू लागल्या आहेत. फरक एवढाच, की मेयर यांच्यानंतर समुद्रानं काही दशकं वाट पाहिली, आता तो तेवढी पाहणार नाही. म्हणून अशा कामाला एका मोहिमेपुरते पैसे देऊन भागत नाही. तीच जागा, तीच मोजपट्टी, दरवर्षी, आणि माणसं बदलली तरी वही तीच. यात बातमी होण्यासारखं काही नसतं, म्हणूनच ते सगळ्यांत आधी बंद पडतं.

शाळेत मास्तर रोज हजेरी घेत, तेव्हा ते काम कंटाळवाणं वाटायचं. पण एखादं मूल चार दिवस दिसलं नाही की त्याच वहीवरून कळायचं, आणि मग कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जायचं. गैरहजर म्हणायलासुद्धा नाव आधी पटावर असावं लागतं. पटावर नसलेल्याच्या घरी कुणी जात नाही. मालवणच्या पाण्याखाली, आंग्रे बँकेच्या माथ्यावर आज जे जे जिवंत आहे, त्याचं नाव पटावर घालण्याइतका वेळ अजून आपल्या हातात आहे.